१४ शाखांची कार्यक्षमता जोखीम धरून कशी मोजायची?

खतावणी

आमची नागरी सहकारी बँक, टियर २ (ठेवींच्या आकारानुसार रिझर्व्ह बँकेने केलेली दुसरी श्रेणी), ठेवी ५०० कोटींच्या आसपास, शाखा १४. शाखांची तुलना आजवर दोनच आकड्यांवर होते : प्रति कर्मचारी व्यवसाय आणि शाखेचा नफा. नफा काढताना शाखेकडे जादा ठेवी असतील तर मुख्य कार्यालय त्यांवर सरसकट ६ टक्के देते, आणि ज्या शाखेला निधी कमी पडतो तिच्याकडून तेवढेच घेते.

दोन शाखांचे आकडे, समजायला सोपे व्हावेत म्हणून गोळाबेरीज करून :

पेठ शाखा : ठेवी ६० कोटी (सरासरी खर्च ५.२ टक्के), कर्ज २० कोटी (सोनेतारण आणि घरकर्ज, उत्पन्न १० टक्के), कर्मचारी ९, व्याजाव्यतिरिक्त खर्च १ कोटी १० लाख.

एमआयडीसी शाखा : ठेवी २५ कोटी (६.५ टक्के, बहुतेक मोठ्या एकवर्षीय मुदत ठेवी), कर्ज ५० कोटी (कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत हवे तसे उचलायचे खेळत्या भांडवलाचे कर्ज, आणि यंत्रसामग्रीची मुदत कर्जे, ११ टक्के), कर्मचारी ८, खर्च १ कोटी.

आमच्या पद्धतीने पेठ शाखेचा नफा १८ लाख, एमआयडीसीचा १ कोटी ३७ लाख. पेठ शाखेतली माणसे कमी करून एमआयडीसीसारखी आणखी एक शाखा काढावी, असा संचालक मंडळात सूर आहे. एमआयडीसीकडची खाती ताणलेली आहेत हे वसुली विभागाला माहीत आहे, पण नफ्याच्या तक्त्यात ते कुठेच उमटत नाही.

जोखीम आत घेऊन हे मोजायचे कसे? डीईए (डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस) नावाच्या पद्धतीबद्दल वाचले, ती १४ शाखांना चालेल का? आणि शाखांमधून विमा विकला जातो त्याचे कमिशन या हिशेबात कसे धरायचे?

---

तेरीज

प्रति कर्मचारी व्यवसाय पहिल्यांदा बाजूला ठेवा. त्यात ठेव आणि कर्ज यांची सरळ बेरीज होते, म्हणजे ५.२ टक्क्यांची बचत ठेव, ३० मार्चला आणलेली ५ कोटींची मोठी ठेव आणि बुडायला आलेले कॅश क्रेडिट या तिन्हींना सारखेच गुण. तुमच्या दोन शाखांचा आकडा येतो ८.९ आणि ९.४ कोटी. त्यातून काहीच कळत नाही.

खरी गडबड त्या सरसकट ६ टक्क्यांत आहे. एकच दर आणि तोही फक्त फरकावर लावला की ठेव गोळा करणाऱ्या शाखेची कमाई कर्ज देणाऱ्या शाखेच्या खात्यात जाते. त्याऐवजी शाखेची प्रत्येक ठेव मुख्य कार्यालयाने विकत घेतली आणि प्रत्येक कर्जाला लागणारा पैसा मुख्य कार्यालयाने विकला असे धरा, दोन्ही त्या त्या मुदतीच्या दराने. पाच वर्षांच्या मुदत कर्जाला पाच वर्षांचा दर, एका वर्षाच्या ठेवीला एका वर्षाचा. बचत आणि चालू खात्यांना कागदावर मुदत नसते, म्हणून तीन-चार वर्षांची रोजची शिल्लक काढून तिचा तळ पाहा. जो हिस्सा कधीच हलत नाही त्याला लांब मुदतीचा दर द्या, वरच्या हलत्या हिश्शाला अल्प मुदतीचा.

ठेवीचा दर कर्जाच्या दरापेक्षा थोडा कमीच निघेल, आणि तो निघायलाच हवा. सीआरआरचे, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या सक्तीच्या रोख शिलकीचे, ३ टक्के बिनव्याजी पडून राहतात, त्याचा भार ७ टक्क्यांच्या जगात सुमारे ०.२१. डीआयसीजीसीच्या (ठेवींचा विमा उतरवणाऱ्या महामंडळाच्या) हप्त्याचे १०० रुपयांमागे जास्तीत जास्त १२ पैसे धरा. हा हप्ता ठेवीदाराकडून घेता येत नाही, बँकेनेच भरायचा असतो.

उदाहरणासाठी असे दर घेऊ : पेठेच्या ठेवींना ६.८, कर्जाला ७.२. एमआयडीसीच्या ठेवींना ६.६, कर्जाला ७.५.

पेठ शाखा ठेवींवर १.६ टक्के म्हणजे ९६ लाख मिळवते, कर्जावर २.८ टक्के म्हणजे ५६ लाख. एकूण १५२ लाख, खर्च ११० लाख, उरले ४२ लाख.

एमआयडीसी शाखा ठेवींवर ०.१ टक्का म्हणजे जेमतेम अडीच लाख, कर्जावर ३.५ टक्के म्हणजे १७५ लाख. एकूण १७७.५, खर्च १००, उरले ७७.५ लाख.

दरी बरीच कमी झाली. पण जोखीम अजून आलेलीच नाही. आता अपेक्षित नुकसान वजा करा : वर्षभरात किती टक्के कर्ज थकीत होईल (पीडी) गुणिले थकीत झाल्यावर त्यातले किती बुडेल (एलजीडी). पेठेला समजा १.५ टक्के आणि ३० टक्के, म्हणजे ०.४५ टक्का, २० कोटींवर ९ लाख. एमआयडीसीला ४ टक्के आणि ४५ टक्के, म्हणजे १.८ टक्के, ५० कोटींवर ९० लाख.

शेवटी भांडवलाचे भाडे. पेठेचे जोखीमभारित कर्ज (कर्जाच्या प्रकाराप्रमाणे जोखमीचे वजन लावून निघालेली रक्कम) समजा १० कोटी, १२ टक्क्यांनी १.२ कोटी भांडवल अडकले. एमआयडीसीचे ५० कोटी, म्हणजे ६ कोटी अडकले. भांडवलावर १२ टक्के अपेक्षा ठेवली तरी पूर्ण १२ लावू नका. तोच पैसा बिनव्याजी निधी म्हणून कर्जात वापरला जातो आणि साधारण ७ टक्के वाचवतो, त्यामुळे वरचे ५ टक्केच लावायचे. ही चूक फार ठिकाणी होते आणि कर्ज देणाऱ्या शाखांवर दुहेरी भार पडतो. पेठ : ६ लाख. एमआयडीसी : ३० लाख.

हाती राहिले : पेठ २७ लाख नफा, एमआयडीसी साडेबेचाळीस लाख तोटा.

याचा अर्थ एमआयडीसी शाखा बंद करा असा नाही. तिचा दर चुकला आहे. निधी ७.५, अपेक्षित नुकसान १.८, खर्च २, भांडवल ०.६ मिळून ११.९ टक्के लागतात आणि घेतले जातात ११. त्याच प्रकारची आणखी एक शाखा याच दराने काढली तर तोटा दुप्पट होईल. इथे पीडी आणि एलजीडी मी गृहीत धरले आहेत, सगळा निकाल त्यांवर हलतो. ते तुमच्याच खात्यांतून काढावे लागतील.

---

वसुली_कक्ष

पीडी काढायला संगणक प्रणाली विकत घ्यावी लागत नाही. ३१ मार्चला नियमित असलेली सगळी खाती घ्या आणि पुढच्या १२ महिन्यांत त्यांपैकी किती एकदा तरी ९० दिवसांच्या पलीकडे गेली ते मोजा. वर्षअखेर पुन्हा नियमित झालेलेही धरायचे. अशी पाच वर्षे, कर्जप्रकारानुसार. १४ शाखांच्या बँकेत शाखानिहाय पीडी काढायचा मोह टाळा. एका शाखेत ६० कॅश क्रेडिट खाती असतील तर दोन खात्यांच्या फरकाने पीडी ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर उडते. बँकभराची प्रकारनिहाय पीडी काढा आणि शाखेला तिच्या मिश्रणाप्रमाणे लावा.

एलजीडीत लोक वेळ विसरतात. १० लाखांचे खाते, तीन वर्षांनी ७ लाख वसूल, वकील, लिलाव आणि जाहिरातीचा खर्च ५० हजार. वरवर ३५ टक्के बुडाले. पण ते साडेसहा लाख तीन वर्षांनी आले. १० टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले तर ४ लाख ८८ हजार, म्हणजे एलजीडी ५१ टक्के. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन बसलेल्या आणि सरफेसीने (न्यायालयात न जाता तारणाचा ताबा घेऊ देणाऱ्या कायद्याने) ताबा घेतलेल्या खात्यांचा एलजीडी वेगवेगळा काढा. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहकारी बँकांनाही सरफेसी लागू असल्याचे स्पष्ट केले, तेव्हापासून हा रस्ता पक्का आहे. कोणत्या रस्त्याने किती महिने लागतात हे कळले की तारण ठरवतानाच फरक पडतो.

नफ्याच्या तक्त्यात जोखीम का दिसत नाही, याचे कारण तरतुदीच्या, म्हणजे संभाव्य बुडितासाठी नफ्यातून बाजूला काढायच्या रकमेच्या, वेळापत्रकात आहे. नियमित कर्जावर तरतूद बहुतेक ठिकाणी ०.४० टक्का. थकीत झाल्यावर पहिले वर्ष १० टक्के. मग संशयित : सुरक्षित भागावर पहिल्या वर्षी २० टक्के, पुढची दोन वर्षे ३० टक्के, त्यानंतर १०० टक्के. विनातारण भागावर संशयित होताच १००. म्हणजे कर्ज दिले त्या वर्षी सगळे व्याज उत्पन्नात येते आणि नुकसान चार-पाच वर्षांत थोडे थोडे उतरते. तोवर शाखाधिकारी बदलून गेलेला असतो. १.८ टक्के अपेक्षित नुकसानीच्या जागी ०.४० दाखवले की कुठलीही आक्रमक शाखा कार्यक्षम दिसणार.

दुसरा फसवा आकडा एनपीएची, म्हणजे ९० दिवसांच्या पलीकडे थकलेल्या कर्जांची, टक्केवारी. ४० कोटी कर्जावर १.२ कोटी एनपीए म्हणजे ३ टक्के. वर्षभरात कर्ज ६० कोटींवर नेले, एनपीए दीड कोटी झाला, टक्केवारी अडीचवर उतरली आणि शाखेचे अभिनंदन झाले. नवी २० कोटींची खाती अजून थकायच्या वयाची झालेलीच नाहीत, कित्येकांचा पहिला हप्ताही सुरू नाही. दीड कोटीला मागच्या वर्षीच्या ४० कोटींनी भागा : ३.७५ टक्के. त्याहून चांगले म्हणजे वाटपाच्या तिमाहीनुसार खात्यांचे गट करा आणि प्रत्येक गट ६, १२, १८, २४ महिन्यांनी किती थकला ते एकाखाली एक मांडा. नव्या गटाची ओळ १२ महिन्यांना जुन्या गटांच्या वर दिसली की मंजुरी सैल झाली आहे असे समजा. एकूण टक्केवारीत तेच वर्षभराने दिसेल.

एमआयडीसी शाखेत आधी या गोष्टी तपासा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खात्यावर जमा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढीच उचल. कर्जदाराच्या दुसऱ्या खात्यातून किंवा नव्या तात्पुरत्या उचलीतून जुने व्याज भरलेले. स्टॉक स्टेटमेंट (कर्जदाराने द्यायचे मालसाठ्याचे पत्रक) तीन महिन्यांपेक्षा जुने असताना त्यावर उचल सुरू. कॅश क्रेडिटमध्ये शिल्लक मर्यादेत असली तरी ९० दिवसांत खात्यावर टाकलेले व्याज फिटेल इतकी जमा नसेल तर ते खाते अनियमितच. आणि एकदा एनपीए झालेले खाते मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय नियमित करता येत नाही, एक हप्ता भरून चालत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने हे निःसंदिग्ध केले आहे. एनपीए खात्यागणिक ठरत नाही, कर्जदारागणिक ठरतो : एक खाते गेले की त्याची सगळी गेली.

हे चाळले नाही तर तुमची पीडी खोटी येईल आणि वरचा सगळा सुबक हिशेब वाया जाईल. टियर २ ला हे पुढे ढकलणेही परवडणारे नाही. ३१ मार्च २०२६ पर्यंत भांडवल पर्याप्तता (जोखीमभारित मालमत्तेच्या प्रमाणात भांडवल) १२ टक्के गाठायची होती, आणि १ एप्रिल २०२५ पासून निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता) ६ टक्क्यांच्या वर गेला की पीसीएची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या त्वरित सुधारणा कारवाईची, पहिली पायरी लागते.

---

सीमारेषा

डीईएबद्दल. १४ शाखांना चालते, पण जपून.

कल्पना अशी की कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त काम करणाऱ्या शाखांची मिळून एक सीमा आखायची आणि बाकीच्या शाखा त्या सीमेपासून किती आत आहेत ते पाहायचे. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये मांडलेले प्रतिमान आकारमानाचा परिणाम धरत नाही. १९८४ चे बँकर, चार्न्स, कूपर यांचे धरते. दोन्ही चालवा. पहिल्याला ०.७२ आणि दुसऱ्याला ०.९० आले तर भागाकार ०.८० : शाखा आपल्या आकाराच्या मानाने बरी चालली आहे, तिचा आकारच चुकीचा आहे. पेठ शाखेतली माणसे कमी करावीत की नाहीत, याला हा आकडा नफ्यापेक्षा जास्त उपयोगी.

अडचण संख्येची. शाखा निदान साधनांचे प्रकार अधिक फलितांचे (निघालेल्या कामाचे) प्रकार यांच्या बेरजेच्या तिप्पट हव्यात. तीन साधने, तीन फलिते घेतली तर १८ लागतात. तुमच्याकडे १४ आहेत, मग दोन आणि दोनवर थांबा. जास्त घातली की निम्म्याहून अधिक शाखांना १.०० मिळतो आणि सगळे खूश होतात, कळत काहीच नाही.

साधने : कर्मचारी खर्च आणि इतर चालू खर्च. कर्मचारी खर्च प्रत्यक्ष पगाराचा घेऊ नका. पदाचा सरासरी पगार घ्या, नाहीतर ज्या शाखेत निवृत्तीला आलेले लोक आहेत ती नाहक अकार्यक्षम ठरते. भाड्याचेही तसेच. स्वमालकीच्या इमारतीला त्या भागातले चालू भाडे लावा.

फलिते : स्थिर ठेवी आणि निरोगी कर्ज. निरोगी म्हणजे एकूण कर्जातून एनपीए तर वजा कराच, शिवाय एसएमए-२ म्हणजे ६१ ते ९० दिवसांची थकबाकी असलेली खातीही वजा करा. काही जण एनपीए हे साधन म्हणून घालतात. गणित चालते, पण संचालकांना समजावताना अडते, आणि १४ शाखांत तुमची एक जागा खाते. शाखांच्या तुलनेत ठेव हे फलितच धरावे. बँकांची आपसांत तुलना करताना मात्र ठेव हा कच्चा माल, तिथे ती साधनात जाते. नफा फलित म्हणून घेऊ नका, एका शाखेला तोटा असला की ऋण आकड्यावर साधे प्रतिमान कोलमडते.

एक्सेलमधल्या सॉल्व्हरने होते. प्रत्येक शाखेसाठी स्वतंत्रपणे, म्हणजे १४ वेळा : सगळ्या शाखांचे, ही शाखाही धरून, असे मिश्रण शोधायचे की त्याची फलिते या शाखेइतकी तरी असतील आणि साधने या शाखेच्या साधनांच्या कमीत कमी किती पट लागतील ते पाहायचे. ती पट हाच गुण. १९८४ च्या प्रतिमानात मिश्रणाच्या वजनांची बेरीज १ असावी एवढी एक अट वाढते.

गुण जाहीर करून शाखांना क्रमांक लावू नका. कामाची गोष्ट वेगळी आहे : ०.७८ च्या शाखेसमोर कोणत्या दोन-तीन शाखा आरसा म्हणून आल्या ते पाहा. त्या शाखाधिकाऱ्यांना एकत्र बसवा आणि रोखपालाच्या खिडकीपासून सोनेतारणाच्या मूल्यांकनापर्यंत कामाची विभागणी ताडून पाहा. तीन वर्षांपेक्षा नवी शाखा यात घालू नका. आणि सीमेवरची एकेक शाखा काढून पुन्हा चालवा. एक काढल्यावर बाकीच्यांचे गुण ०.१ ने हलले तर त्या शाखेच्या आकड्यांत चूक आहे की काय ते आधी तपासा. ही पद्धत चुकीच्या नोंदीला फार हळवी असते, एका शाखेचा वीजखर्च दुसरीत गेला तरी सीमा सरकते.

---

दावा_राखीव

विम्याच्या कमिशनचे बघू. शाखेत ते आले त्या दिवशी उत्पन्नात घेतले जाते आणि पॉलिसी दुसऱ्या वर्षी बंद पडली तरी गुण परत जात नाहीत. आयुर्विम्यात १३ व्या महिन्याचे सातत्य, म्हणजे दुसऱ्या वर्षीचा हप्ता किती जणांनी भरला, हे शाखानिहाय काढा. विमा कंपनीकडे ते असतेच, मागितले की मिळते. शाखेच्या गुणपत्रकात १०० रुपये कमिशनपैकी ६० आधी आणि ४० सातत्य पाहून, असे धरले तरी कर्ज देताना पॉलिसी गळ्यात मारण्याचे प्रकार आटोक्यात येतात. ३० दिवसांच्या फ्री-लूक काळात परत आलेल्या पॉलिसी वेगळ्या मोजा. एका शाखेतून त्या जास्त येत असतील तर तिथे ग्राहकाला न सांगता विकले जाते आहे.

विमा कंपनी स्वतःची कार्यक्षमता मोजते तिथेही वर सांगितलेलाच सापळा आहे. सर्वसाधारण विम्यात एकत्रित गुणोत्तर पाहतात : १०० रुपये अर्जित हप्त्यामागे ७८ दावे आणि ३० कमिशन व खर्च, म्हणजे १०८. वरचे ८ गुंतवणुकीच्या उत्पन्नातून भागवायचे. पण मोटार थर्ड पार्टीचे दावे न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे चालतात. वेगाने वाढणाऱ्या कंपनीकडे आजचा हप्ता येतो, आजच्या अपघाताचा दावा नंतर येतो. घडलेल्या पण अजून न कळवलेल्या दाव्यांसाठीची राखीव रक्कम कमी धरली की गुणोत्तर सुंदर दिसते. म्हणून अपघातवर्ष उभे आणि विकासवर्ष आडवे असा त्रिकोण मांडतात, वसुली_कक्ष यांच्या वाटपगटांचाच हा भाऊ. सॉल्व्हन्सी (देणी भागवण्याच्या क्षमतेचे गुणोत्तर) १.५० च्या वर आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्याने त्यातली राखीव कशी काढली तेही विचारावे.

तुमच्या बँकेला विम्याचा खरा उपयोग कमिशनमध्ये नाही, एलजीडी कमी करण्यात आहे, आणि तिथेच दुर्लक्ष होते. एमआयडीसी शाखेच्या कर्जदाराचा माल १ कोटीचा आणि विमा ६० लाखांचा असेल, तर २० लाखांच्या नुकसानीला कंपनी सरासरीच्या अटीने (विमा जितक्या प्रमाणात कमी तितक्याच प्रमाणात भरपाई कमी) १२ लाखच देईल. ५ कोटींपर्यंतच्या जोखमीच्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची कमी रक्कम माफ असते, ४० टक्क्यांची नाही. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवताना विम्याची रक्कम वाढवायची राहून जाते, तिथे हे घडते. पॉलिसीवर बँकेचे नाव आहे का, मालाच्या जागेचा पत्ता प्रत्यक्ष गोदामाचाच आहे का, आणि नूतनीकरणाचा हप्ता मुदत संपायच्या आत पोहोचला का, हे पाहा. विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबी प्रमाणे हप्ता हाती आल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, धनादेश परत आला तर विमाच नाही. या तीन तपासण्या न झालेल्या खात्यांना एलजीडी ४५ ऐवजी ६० लावा, शाखाधिकारी आपणहून पॉलिसी मागवून घेतील.

---

खतावणी

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका. मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यातला हा निधीचा अंतर्गत दर ठरवायचा कोणी? आणि एमआयडीसीची मोठी कर्जे मुख्य कार्यालयाने मंजूर केलेली आहेत, त्यांच्या नुकसानीचा भार शाखाधिकाऱ्यावर कसा टाकायचा?

---

तेरीज

दर मालमत्ता-दायित्व समितीने महिन्यातून एकदा ठरवावा. तोही फक्त नव्या ठेवी-कर्जांना. जुन्या खात्याला ज्या दिवशी सुरू झाले त्या दिवसाचा दर मुदतभर चिकटलेला राहिला पाहिजे, नाहीतर व्याजदराच्या चढउताराचे पाप-पुण्य पुन्हा शाखेच्या माथी येते. ती जोखीम आता मुख्य कार्यालयाच्या ट्रेझरीकडे (निधी आणि रोखे सांभाळणाऱ्या विभागाकडे) आली, तिचा वेगळा तक्ता ठेवा. एकवर्षीय ठेवींवर पाच वर्षांची कर्जे दिली असतील तर ठेवी महागल्यावर तोटा तिथे दिसेल. रोख्यांचेही तिथेच : विक्रीस उपलब्ध गटात १०० कोटींचे रोखे आणि सुधारित मुदतभार (परतावा १ टक्क्याने हलला की किंमत किती टक्के हलते तो आकडा) ५ असेल तर परतावा १ टक्क्याने वाढल्यावर ५ कोटी जातात.

नुकसानीची विभागणी अशी करा. अपेक्षित नुकसान शाखेला, कारण ते दरातून वसूल करायचे असते. प्रत्यक्ष नुकसान त्यापेक्षा जितके जास्त झाले ते मंजुरी देणाऱ्या पातळीच्या नावे, मग ती कर्ज समिती असो वा संचालक मंडळ. देखरेखीत कसूर झाली असेल, म्हणजे स्टॉक तपासणी, विमा किंवा सरसाय नोंद (तारणाची केंद्रीय नोंदणी) चुकली असेल, तेवढाच भाग शाखेकडे परत.

आणि पहिल्याच महिन्यात १४ शाखा अधिक ट्रेझरी अधिक मुख्य कार्यालय यांची बेरीज करा. अपेक्षित नुकसान आणि भांडवलाचे भाडे परत मिळवून प्रत्यक्ष तरतुदी वजा केल्यावर ती बँकेच्या नफा-तोटा पत्रकाशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे. बहुतेक वेळा फरक निघतो तो एनपीए खात्यांवरच्या न घेतलेल्या व्याजात : शाखेने ते उत्पन्नातून काढलेले असते, पण त्या कर्जाला लागलेल्या निधीचा दर मुख्य कार्यालय आकारायचे थांबवते. तो आकारत राहा.